गाय गाभडली, मग वार कुठं टाकली?

पत्र लांब आहे, थोडं कमी करून देतो.

"डॉक्टर साहेब, नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातले. शेतातल्या आखाड्यावर सहा एचएफ क्रॉस (होल्स्टिन संकरित) गायी, दोन देवणी आणि पाच महिन्यांची एक कालवड आहे. मागच्या अकरा महिन्यांत तीन गायी गाभडल्या. आधी कपिली सहाव्या महिन्यात, मग तिचीच पोरगी चांदणी साडेपाच महिन्यांची गाभण असताना, आणि आता पंधरा दिवसांमागं मोरी, जी नगरकडून सव्वा लाखाला आणली होती. कुणालाच ताप नाही, कुणी चारा सोडला नाही, सकाळी उठून बघावं तर मागं पडलेलं. कपिलीचं तर वाळून चामड्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी रक्त पाठवलं, ब्रुसेला निगेटिव्ह आला आणि तिघींचा निओस्पोरा पॉझिटिव्ह. याच्यावर इंजेक्शन आहे का? जंताचं औषध तर आम्ही दर तीन महिन्यांला देतो. चांदणी परत गाभण आहे, चार महिने भरलेत, रात्री झोप येत नाही. लेकरू चार वर्षांचं आहे, त्याला हे दूध द्यावं का? मालक म्हणतात तिन्ही गायी हाळीच्या बाजारात काढून टाकू. चुलत दीर म्हणतात आमच्या वाघ्याला आणि गावातल्या कुत्र्यांना विषाचं औषध घालू, त्यांच्यामुळंच होतंय. एक देवणी गावातल्या वळूकडं तीनदा नेली, दर वेळी दीड-दोन महिन्यांनी उलटते, ते पण यानंच का? आणि सासूबाई म्हणतात मी अडचणीच्या दिवसांत गोठ्यात जाते म्हणून गाभ टिकंना. काय करावं?"

ताई, मी तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. तुमच्या अडचणीच्या दिवसांचा आणि गाईच्या गाभाचा काडीचाही संबंध नाही. सकाळी पाचला उठून शेण तुम्ही काढता, धार तुम्ही काढता, गाय विताना रात्रभर कंदील घेऊन तुम्ही बसता, आणि गाभडली की खापरही तुमच्याच डोक्यावर, हे मी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात असताना गावोगाव बघितलंय आणि कधीच पटलं नाही. सासूबाईंना शेजारी बसवून हे पत्र वाचून दाखवा. त्यांना म्हणावं, कारण रिपोर्टवर लिहून आलंय, त्याला नाव आहे, आणि ते नाव तुमच्या सुनेचं नाही.

आता ते नाव, निओस्पोरा कॅनायनम. पहिली गोष्ट, हा जंत नाही. आपल्याकडं परोपजीवी म्हटलं की लोकांना लांब पांढरे जंत डोळ्यासमोर येतात आणि मग औषधाच्या दुकानातून बाटली आणून पाजली की झालं असं वाटतं. हा एका पेशीचा आदिजीव आहे, डोळ्याला कधीच दिसणार नाही, गाईच्या अंगात, मेंदूत, मांसात गाठी करून गप पडून राहतो. गाय खाते-पिते, दूध देते, अंग चकाकतं, काही म्हणजे काही कळत नाही. गाभण राहिली की हा परत जागा होतो, वारेतून, म्हणजे जारेतून, वासरात जातो आणि वासराच्या मेंदूला, काळजाला, लिव्हरला धरतो. तुमच्या गायींना ताप आला नाही, चारा सुटला नाही, ते म्हणूनच. जंताच्या औषधाचा याच्यावर परिणाम शून्य. उलट एक सांगून ठेवतो, अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात देऊ नका, त्यानं गर्भाला इजा होऊ शकते, आणि दर तीन महिन्यांला सरसकट पाजताना कोणती गाय नुकतीच भरवलीय हे कुणी बघत नसतं. इथून पुढं डॉक्टरांना विचारून आणि शेण तपासूनच द्या.

आजार तसा फार जुना नाही, म्हणजे माणसाला माहीत होऊन. 1984 साली नॉर्वेत कुत्र्याच्या पिल्लांमध्ये पहिल्यांदा दिसला, 1988 मध्ये भारतात जन्मलेल्या डॉ. जे. पी. दुबे यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेत त्याला नाव दिलं, आणि लगेच पुढच्या वर्षी तिथल्याच न्यू मेक्सिकोतल्या गायींच्या गाभडण्याशी त्याचा धागा जुळला. कुत्रा यात नेमकं काय करतो हे सिद्ध व्हायला मात्र 1998 साल उजाडलं. मी नोकरीला लागलो तेव्हा हा शब्द आम्हाला शिकवलेलाच नव्हता. गाभडली की ब्रुसेला बघायचा, नाहीतर मार लागला असेल, शिंग लागलं असेल, नाहीतर मिनरल मिक्श्चर लिहून द्यायचं. उदगीरकडच्या एका वस्तीवर एका गाईच्या तीन पिढ्यांमधल्या गायी मी गाभडताना बघितल्या, आजी, मुलगी, दोन नाती, आणि दर वेळी सांगितलं की ते टाकून द्या नाल्यात. ते नाल्यात टाकलेलं वस्तीवरच्या कुत्र्यांनी ओढत परत आखाड्यावर आणलं हे मी डोळ्यांनी बघितलं, हाकललं पण कुत्र्याला, पण त्याचा पुढच्या गाभडण्याशी संबंध असंल असं मनात सुद्धा आलं नाही. आज कळतं की तो सल्ला चुकीचा होता, म्हणून आज इतकं लांब लिहितोय.

हा आजार गाईत दोन वाटांनी येतो. पहिली वाट आईच्या पोटातून. पॉझिटिव्ह गाईची पोरगी जन्मालाच हा जीव घेऊन येण्याची शक्यता लई मोठी, आणि त्यातलं अवघड हे की त्यातली बहुतेक वासरं दिसायला एकदम ठणठणीत जन्मतात, चाटूनपुसून उभी राहतात, मालक खूश होतो, आणि दोन-अडीच वर्षांनी तीच कालवड पहिल्या नाहीतर दुसऱ्या वेताला पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभडते. तुमची कपिली आणि चांदणी ह्या मायलेकी आहेत, दोघी गाभणपणाच्या एकाच महिन्याच्या आसपास गाभडल्या, तुमच्या पत्रातली माझ्यासाठी सगळ्यात मोठी खूण हीच. काही वासरं अशक्त जन्मतात, पाय आखडलेले असतात, उभं राहता येत नाही, काही मेलेलीच येतात, आणि काही पोटातच मरून वाळतात, जसं कपिलीचं झालं. तिसऱ्या महिन्यापासून दिवस भरेपर्यंत कधीही होऊ शकतं, पण जास्ती करून पाच ते सहा महिने.

दुसरी वाट कुत्र्याच्या विष्ठेतून. कुत्र्यानं आजारी गाईची वार, पडलेलं वासरू किंवा कच्चं मांस खाल्लं की हा जीव त्याच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून त्याची बारीक अंडी म्हणा, बीज म्हणा, बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर एक ते तीन दिवसांत ती लागण करायला तयार होतात. ओलाव्यात, सावलीत बराच काळ टिकतात. मग ती कडब्याच्या कुटीत, पेंडीत, हौदाच्या पाण्यात गेली आणि गाईच्या पोटात उतरली की झालं. गाईपासून शेजारच्या गाईला मात्र हे लागत नाही, एका दावणीला बांधल्यानं लागत नाही, एकमेकींना चाटल्यानं लागत नाही. त्यामुळं तिन्ही गायी वेगळ्या शेडमध्ये बांधायची काही गरज नाही, तो खर्च करू नका.

आता तुम्ही एक काम करा, उद्याच्या पहाटे बॅटरी घेऊन कुटीच्या ढिगाजवळ जा. थंडीच्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक आखाड्यावर ढिगाच्या वरच्या अंगाला कुत्र्याच्या अंगाएवढा एक गोल खळगा सापडतो, हात घातला तर ऊब लागते, दोन-चार केस चिकटलेले असतात. कुत्रं बिचारं उबेला झोपतं, त्याचा काय दोष, पण सकाळी आपण तीच कुटी पाटीत भरून गव्हाणीत ओततो. सोयाबीनच्या गुळीचा ढीग असला तरी तसंच, मुरघासाचं तोंड उघडं राहिलं तरी तसंच. कुटीला ताडपत्री टाका, नुसती टाकू नका, कडेला दगड ठेवा, पेंडीची पोती फळीवर आणि दार लागणाऱ्या खोलीत ठेवा, हौदात कुत्रं तोंड घालत असंल तर त्याला खाली वेगळी कुंडी भरून ठेवा म्हणजे ते तिकडं जातं. गव्हाणीच्या आसपास विष्ठा दिसली की फावड्यानं उचलून पुरायची, झाडून कोपऱ्यात लोटायची नाही.

पण ह्या सगळ्याहून मोठी गोष्ट वारेची आहे. मला सांगा, कपिली गाभडली तेव्हा ते पडलेलं वासरू आणि वार कुठं टाकली? मला माहीत आहे तुमचं उत्तर काय असंल, कारण सगळीकडं तेच आहे, उकंड्यावर, नाहीतर ओढ्यात, नाहीतर बांधाच्या पलीकडं. काही गावांत वार पोत्यात बांधून वडाच्या झाडाला लटकवतात, वडासारखा गाईला भरपूर चीक यावा ही त्यामागची भावना, भावना चांगलीय, पण पोतं कुजतं, फाटतं, कावळे ओढतात आणि खाली कुत्री वाटच बघत असतात. म्हणजे बघा, गाईनं दिलं कुत्र्याला, कुत्र्यानं दिलं परत गाईला, आणि मधली ने-आण आपण केली. हे चाक इथंच थांबवता येतं, त्याला एक रुपयाचं औषध लागत नाही. गाय गाभडो नाहीतर चांगली विवो, वार पडेपर्यंत तिथं माणूस पाहिजे, कुत्रं बांधलेलं पाहिजे, आणि पडली की लगेच कमरेच्या वर खोल खड्ड्यात, वर चुना, माती दाबून, वर बाभळीच्या काट्या आणि त्यावर दगड. खड्डा गाय वितानी खणायला घेऊ नका, दोन आठवडे आधीच खणून झाकून ठेवा, कारण मध्यरात्री कुणी खणत नाही आणि मग ते उकंड्यावरच जातं.

आणि हातमोजे. तुमच्या मालकांनी कपिलीचं वासरू नुसत्या हातांनी ओढलं असणार, सगळेच ओढतात. निओस्पोरा माणसाला झाल्याचं कुठं सिद्ध झालेलं नाही, त्याची भीती नाही, पण गाभडण्याचं दुसरं मोठं कारण ब्रुसेला आहे आणि तो माणसाला होतो, येऊन-जाऊन ताप, सांधे धरणे, घाम, पुरुषांना वृषणाला सूज, महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. रिपोर्ट यायच्या आधी कोणतं कारण आहे हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून प्रत्येक वेळी लांब हातमोजे, आणि गरोदर बाईनं तर जवळ जायचंच नाही. घरात कुणाला असा रेंगाळणारा ताप असंल तर माणसांच्या डॉक्टरला आपल्या गायी गाभडल्या हे आवर्जून सांगा, नाहीतर ते मलेरिया-टायफॉइडच तपासत बसतात.

दुधाचं विचारलंत. लेकराला दूध द्या, बिनघोर द्या, पण उकळून. निओस्पोरासाठी नाही, ब्रुसेला आणि टीबीसाठी, आणि हे निरोगी गाईच्या दुधालाही तेवढंच लागू आहे. धारोष्ण दूध चांगलं असतं म्हणून वाटीभर लेकराच्या तोंडाला लावतात ते बंद करा.

इंजेक्शनचं. नाही, ताई. गाईच्या अंगातून निओस्पोरा काढून टाकणारं मान्य औषध आज नाही, आपल्याकडं लसही मिळत नाही. एकदा पॉझिटिव्ह झालेली गाय जन्मभर पॉझिटिव्ह. कुणी येऊन म्हणालं की पाच हजाराचा कोर्स आहे, गॅरंटी आहे, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. हे ऐकून धीर सोडू नका, कारण पॉझिटिव्ह म्हणजे दर वेळी गाभडणारच असं अजिबात नाही. निगेटिव्ह गाईपेक्षा धोका कितीतरी पट जास्त आहे हे खरं, पण बहुतेक पॉझिटिव्ह गायी दिवस भरून वितात, आणि एकदा याच्यामुळं गाभडलेली गाय परत याच कारणानं गाभडणं त्यामानानं कमी दिसतं. चांदणीसाठी हा आधार आहे तुम्हाला.

आता मालकांचं हाळीच्या बाजाराचं. परदेशातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की पॉझिटिव्ह जनावर कळपातून काढून टाका. आपल्याकडं काढून टाकणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दावणीला नेऊन बांधणं. मोरी तुमच्याकडं अशीच आली असेल, कुणीतरी गप बसून विकली असेल, सव्वा लाख गेले आणि वर हे दुखणं आलं. तीच गोष्ट तुम्ही अहमदपूरच्या नाहीतर कंधारच्या एखाद्या घरी पाठवणार का, ज्यानं बचत गटाचं कर्ज काढून गाय घेतलीय? विकायचीच असेल तर रिपोर्ट हातात देऊन विका, भाव कमी येईल, येऊ द्या. पण माझं मत विचाराल तर विकू नका. कपिली दूध चांगलं देत असेल तर ती राहू द्या, आटेपर्यंत दूध घ्या, परत भरवा. फक्त एक नियम घरात पक्का करा, तिन्ही गायींच्या कालवडी पुढं गाय म्हणून ठेवायच्या नाहीत, तपासून निगेटिव्ह निघाल्या तरच ठेवायच्या.

याच्यावरून एक गोष्ट, जी अजून कुणी फारशी बोलत नाही. आता कालवडच व्हावी म्हणून सॉर्टेड सिमेन सगळीकडं आलंय, आणि माणूस साहजिकच घरातल्या सगळ्यात दुधाळ गाईला ते भरतो. ती गाय पॉझिटिव्ह असली तर आपण स्वतःच्या पैशानं आजाराची पुढची पिढी तयार करतोय. सॉर्टेड सिमेन निगेटिव्ह गायींना वापरा, कपिली, चांदणी, मोरीला साधं. राहिलेल्या सगळ्यांचं रक्त एकदा एलायझा तपासणीसाठी द्या, कुणाला काय वापरायचं ते त्याच्यावरून ठरंल. आणि तो कागद फाईलीत ठेवू नका, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला खडूनं नाहीतर स्केचपेननं वंशावळ काढा, कोण कुणाची पोरगी, कुणाचा रिपोर्ट काय, कोण कोणत्या महिन्यात गाभडली, आणि गोठ्यात खिळ्याला लावा. मायलेकींच्या रेषेवर गाभडण्याच्या खुणा पडत गेल्या तर आजार पोटातून चाललाय, आणि नातं नसलेल्या चार-पाच गायी एकाच महिन्या-दोन महिन्यांत पडल्या तर चाऱ्यात-पाण्यात काहीतरी एकदम आलंय. तुमच्याकडं मला पहिलाच प्रकार दिसतो, आणि मोरी बहुतेक येतानाच घेऊन आली, पण वाघ्यानं त्यात भर घातली नसेल असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. नवीन गाय आणायची झाली तर ब्रुसेला आणि निओस्पोरा दोन्ही रिपोर्ट बघूनच पैसे मोजा, लाखभराच्या गाईला तपासणीचा खर्च म्हणजे काहीच नाही.

वाघ्याला मारू नका. गावातल्या कुत्र्यांनाही औषध घालू नका. एक तर तो गुन्हा आहे, 1960 पासून प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध कायदा आहे, आणि दुसरं म्हणजे त्यानं आजार जाणार नाही. जुनी कुत्री मेली की त्या जागी नवीन येतात, पिल्लं होतात, आणि ज्याला आधी लागण झालेली नाही असं पिल्लू पहिल्यांदा वार खातं तेव्हा ते जास्त बीज टाकतं. कुत्रं एकदा लागण झाल्यावर जन्मभर विष्ठेतून टाकत बसत नाही, थोडे दिवस टाकतं. म्हणजे माणसाळलेलं, बांधलेलं, शिजवलेलं खाणारं एक जुनं कुत्रं तुमच्यासाठी बाहेरून येणाऱ्या दहा मोकाटांपेक्षा बरं, ते बाकीच्यांना आखाड्यावर फिरकू पण देत नाही. वाघ्याला भाकरी-दूध द्या, कच्चं मांस नको, मेलेल्या जनावराजवळ सोडू नका, रात्री गोठ्याच्या दाराशी साखळीला बांधा. गावच्या कुत्र्यांच्या नसबंदीचं ग्रामपंचायतीत लेखी द्या, 2023 च्या नियमांप्रमाणे ते काम स्थानिक संस्थेचं आहे. एकट्यानं अर्ज देऊन हलत नाही, डेअरीला दूध घालणाऱ्या दहा-पंधरा घरांनी मिळून द्या.

आता तुमच्या देवणीकडं येतो, तिचं दुखणं मला वेगळं वाटतंय. देवणी तीनदा वळूकडं नेली आणि दर वेळी दीड-दोन महिन्यांनी उलटली असं तुम्ही लिहिलंय. नुसती गाभण राहिली नसती तर एकविसाव्या दिवशी माजावर आली असती. दीड-दोन महिन्यांनी येतीय म्हणजे गाभ धरतोय आणि आतल्या आत मरतोय. इथं दुसऱ्याच एका परोपजीवीचा संशय घ्यावा लागतो, ट्रायकोमोनास. हा वळूच्या लिंगाच्या कातडीत राहतो, वळूला काही त्रास नाही, तो गावभर फिरतो आणि प्रत्येक गाईला देत जातो, वय झालेल्या वळूत तर तो कायमचाच मुक्काम करतो. गाईला झाला तर गर्भ लवकर मरतो, कधी पू साठतो, पांढरट घाण पडते. गाय मात्र तीन-एक महिने माज सोडून दिला, वळूकडं नेली नाही, तर बहुतेक वेळा आपोआप बरी होते. व्हिब्रिओ नावाचे जिवाणूही अगदी असंच करतात, तेही वळूकडूनच येतात. तिला तीन महिने विश्रांती द्या, डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या आणि मग देवणीच्याच चांगल्या वळूचं सिमेन वापरून कृत्रिम रेतन करा. जात राखायची म्हणून लोक वळूकडंच नेतात, मला त्यांची तळमळ कळते, वानेरा तोंडाची देवणी दावणीला उभी असली की मन भरून येतं, पण आता देवणीच्या आणि लाल कंधारीच्याही रेतमात्रा मिळतात. गावच्या वळूची तपासणी करायला सांगा, ती एकदा करून भागत नाही, आठवड्याच्या अंतरानं तीनदा करावी लागते.

गोचिडांमुळं आणि गोमाश्यांमुळं होणाऱ्या आजारांचं पण थोडक्यात. उन्हाळा सरता सरता आणि पावसाळ्यात एखादी क्रॉस गाय 105-106 तापानं फणफणली, खांद्याच्या पुढच्या गाठी लिंबाएवढ्या सुजल्या, तर थायलेरिया, लघवी कॉफीसारखी लाल-काळी झाली तर बबेसिया, आणि गोमाश्या जास्त असलेल्या भागात जनावर गोल गोल फिरायला लागलं, ताप चढउतार करायला लागला तर सर्रा. ह्या तिन्हीतही गाभण गाय तापानंच गाभडू शकते. पण यांना औषधं आहेत आणि वेळेवर दिली तर चांगली लागू पडतात, म्हणून तिथं एक दिवसही घरगुती उपायात घालवू नका. तुमच्या तिघींना ताप नव्हता, त्यामुळं हे आत्ता तुमचं नाही.

अजून दोन गोष्टी तुमच्या डॉक्टरांशी बोला. ब्रुसेला निगेटिव्ह आलाय तो गाभडल्यावर लगेच घेतलेल्या रक्तावर असेल तर मोरीचं रक्त दोन-तीन आठवड्यांनी परत द्या, कधीकधी रक्तात खूण उशिरा उमटते. आणि निओस्पोरा पॉझिटिव्ह म्हणजे गाईला लागण आहे एवढंच, गाभडलं त्यानंच याचा पक्का पुरावा पडलेल्या वासरातच मिळतो, त्याचा मेंदू, काळीज, लिव्हर तपासल्यावर. वासरू थोडं कुजलेलं असलं तरी मेंदूत खूण सापडू शकते, म्हणून टाकून देऊ नका. उदगीर आणि परभणी दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याला औंधमध्ये रोग अन्वेषण विभाग आहे, नमुना कुठं पाठवायचा ते डॉक्टर ठरवतील, डॉक्टर लागला नाही तर 1962 वर फोन करा. तुमची पाच महिन्यांची कालवड मात्र वाट बघू नका, ब्रुसेलाची लस मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयातच देतात, आयुष्यात एकदा, आणि ती सरकारी कार्यक्रमात फुकट आहे, ह्याच महिन्यात टोचून घ्या. तिचं निओस्पोराचं रक्त अजून दोन महिने थांबून द्या, आत्ता आईच्या चिकातून आलेल्या खुणा रिपोर्ट गोंधळात टाकतील.

राहिली चांदणी. चार महिने भरलेत, म्हणजे पुढचे दोन महिने काळजीचे. तिला कुठलं इंजेक्शन देत बसू नका, उन्हातान्हात लांब चालवू नका, बुरशी आलेला चारा अजिबात नको, बुरशीनंही गाय गाभडते. घरात एक थर्माकोलचा डबा आणि जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणून ठेवा, गावात बर्फ कुठं मिळतो ते आजच विचारून ठेवा. देव करो आणि लागू नये, पण पडलंच तर वासरू वारेच्या तुकड्यासकट पिशवीत, भोवती बर्फ, आणि त्याच दिवशी रवाना. फ्रीजरमध्ये गोठवायचं नाही. आणि दिवस भरून व्याली तर, मला तर तसंच वाटतं, वासराला चीक पाजायच्या आधी त्याचं रक्त घ्यायला डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे, रक्त घेतलं की लगेच चीक पाजा, त्याला उशीर नको. चिकाआधीच्या रक्तात खूण नसली तर ते वासरू स्वच्छ, मग ती चांदणीची पोरगी असली तरी हौसेनं वाढवा. काय झालं ते मला लिहून कळवा, पत्र सासूबाईंनी सांगितलं आणि तुम्ही लिहिलं तर जास्त आवडंल.